मढं कोण ओढणार? : टीव्हीवर हुडकून बघायच्या काही सिनेमांबद्दल

कवितेवर आपण रात्र रात्र भांडतो. प्रतिमा कुणाची, बोली कुणाची, बांधिलकी खरी की भाडोत्री, यावर आपल्या अनियतकालिकांची पानंच्या पानं भरली. आणि ज्या घरात ही अनियतकालिकं जातात त्याच घरात कोपऱ्यात टीव्ही चालू असतो. त्यावर काय चाललंय याच्यावर मात्र आपण एक ओळ खरडत नाही. ते खातं करमणुकीचं. आईचं, बहिणीचं, पोरांचं. आपण आपले खुर्ची फिरवून बसलेले. हा पंडिती रोग आहे, दुसरं काही नाही. लोकांच्या डोक्यात रोज तीन-तीन तास जे ओतलं जातं त्याला समीक्षेतून वगळायचं आणि तीनशे प्रतींच्या संग्रहावर तीस पानं लिहायची! प्रस्थापितांच्या समीक्षेला आपण शिव्या घातल्या त्या याच कारणासाठी ना?

म्हणून हे टिपण. विषय साधा: टीव्हीवर काय बघावं.

आपल्या टीव्हीचा इतिहास तसा लहान आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याच साली याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. एका शहरात एका वर्षी जन्मलेली ही दोन पोरं, पण एकमेकांची तोंडं त्यांनी फारशी बघितली नाहीत. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं टीव्हीला रंग आला, मग गावोगाव मनोरे उभे राहिले, हप्त्यानं संच आले. १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायला लागलं. संचाला हार, पुढं उदबत्ती, रस्ते ओस. हे सगळं लिहून झालेलं आहे, त्यावर प्रबंध झालेत. पण त्याच काळात रविवारी दुपारी काय लागायचं ते कुणी सांगत नाही. दुपारी लागायचे प्रादेशिक भाषांतले बक्षीस मिळालेले चित्रपट. कन्नड, तेलुगू, मल्याळी, ओडिया, आसामी. माणसं जेवून आडवी झालेली, खाली पडद्यावर इंग्रजी सबटायटल. म्हणजे तेलुगू मुलखातल्या भूमिहीन मजुराचं दुःख मराठवाड्यातल्या भूमिहीन मजुराला कळायचं, तर मधे इंग्रजीचा नाका. जकात भरा, नाही तर परत फिरा. आणि वर शेरा मारायला सगळे मोकळे की लोकांना असले सिनेमे आवडत नाहीत.

आता ती दुपारही राहिली नाही. शेकड्यानं वाहिन्या आल्या. एका वाहिनीवर 'सूर्यवंशम' एवढ्या वेळा लागला की त्याचे विनोद झाले. पण टीव्हीला आता इंटरनेट जोडता येतं. घरातलं शाळकरी पोरगं जोडून देतं. कधी पुसट प्रत, कधी मधेच तुटलेली, पण हुडकलं तर जुना सिनेमा सापडतो. हुडकायला नाव माहीत असावं लागतं, आणि का बघायचा तेही.

का बघायचा, हे आधी सांगून टाकतो. या सिनेमांवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं. त्यात 'करुणा' हा शब्द मोजून बघा. बिचारा दुखी, बिचारा चोमा, बिचारी नीलम्मा. पिढ्यान्‌पिढ्या पिचलेली माणसं बघून समीक्षकांचा गळा दाटून आला. आम्हाला त्या दाटलेल्या गळ्याशी काही देणंघेणं नाही. दुःख काय असतं हे शिकायला आपल्याला सत्यजित राय यांच्याकडं जायचं कारण नाही. ते फुकटात घरपोच मिळालेलं आहे. या सिनेमांत बघण्यासारखं आहे ते दुसरंच. त्यात काम आहे. श्रम. कोण करतो, कोण करवून घेतो, आणि कुठल्या क्षणी कोण म्हणतो की नाही करत जा. हा नकार या सिनेमांच्या पोटात दडलेला आहे. काढणाऱ्यांना तो किती कळला होता कोण जाणे. तो बघायचा.

'सद्गती'पासून सुरू करू. राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठीच हा सिनेमा काढला. म्हणजे थेटरातून टीव्हीवर आलेला नाही. टीव्हीसाठी, सरकारच्या पैशातून काढलेला. हिंदी. तासाभराच्या आत संपतो. कथा प्रेमचंदांची. दुखी नावाचा चांभार, नुकताच तापातून उठलेला, पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताच्या दारी जातो. पंडित म्हणतो, येतो, पण आधी अंगण झाड. मग भुसा वाहून टाक. मग हा ओंडका फोड. उपाशी माणूस, गाठींनी भरलेला ओंडका, बोथट कुऱ्हाड. चिलमीला विस्तव मागायला घरात पाऊल टाकलं तर पंडिताची बायको कडाडते. दुपार टळते. शेवटी दुखी पेटून उठल्यासारखा घाव घालत सुटतो आणि तिथंच मरून पडतो. दुखी झालाय ओम पुरी, त्याची बायको झुरिया झालीय स्मिता पाटील, आणि पंडित आपल्या पुण्याचे मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस इथं पंडित झालेत आणि पंडिताचं नाव आहे घासीराम. योगायोग म्हणायचा, पण बरा जमलाय.

इथपर्यंत करुणेचं खातं. टीकाकार इथंच रुमाल काढतात. खरा सिनेमा दुखी मेल्यावर सुरू होतो.

मढं पडलंय वाटेवर. ब्राह्मणांच्या बायाबापड्यांना विहिरीवर जायची तीच वाट. पंडित चांभारवाड्यात जाऊन सांगतो, मढं घेऊन जा. त्याच्या आधी एक गोंड तिथं गेलेला आहे. दुपारी तोच दुखीजवळ येऊन हे सगळं बघून गेला होता. तो सांगतो, कुणी हात लावू नका, तपास होईल. आणि कुणी जात नाही. बस एवढंच. घोषणा नाही, मोर्चा नाही, भाषण नाही. नुसती माणसं घरात बसून राहतात. झुरिया तेवढी जाते, आकांत करते, दार ठोठावते. दार उघडत नाही. रात्रभर पाऊस पडतो.

पहाटे पंडित एकटा बाहेर येतो. काठीनं मढ्याचा पाय उचलतो, कारण हात लावायचा नाही. पायात दोरीचा फास अडकवतो. आणि ओढायला लागतो. चिखलातून, माळावरून, थेट मेलेली ढोरं टाकतात तिथंवर. धापा टाकत. आख्ख्या सिनेमात या माणसानं केलेलं पहिलं काम हे. खाणं, झोपणं, पोथी उघडणं, हुकूम सोडणं, एवढंच तो तोवर करत आलाय. पहिल्यांदा त्याच्या अंगाला घाम फुटतो तो आपलं मढं ओढताना.

हे वाचताना कुणाला काय आठवेल सांगता येत नाही. मला येसकरी आठवते. गावातलं मेलेलं ढोर फासात अडकवून गावाबाहेर ओढत न्यायचं, हे बलुत्याचं काम कुणाचं होतं? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, ही हलकी कामं सोडा. त्यावरून गावोगाव बहिष्कार पडले, आपली माणसं उपाशी राहिली, पण ढोरं ओढायचं सोडलं. का सोडलं, ते 'सद्गती'च्या शेवटच्या दहा मिनिटांत आहे. आपण नाही ओढलं, तर त्याला ओढावं लागतं. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला हा सिनेमा दाखवला. पोरपणी त्यानं बापाबरोबर ढोरं ओढलेली. बाकीचे डोळे पुसत होते, तो मात्र पंडिताच्या हाताकडं बघत होता. म्हणाला, सवय नाही त्याला, दोरी तळव्यात कापत असंल. अशी समीक्षा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

हे फक्त जुनं आहे असंही कुणी समजू नये. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा गावच्या चार पोरांना मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून गाडीला बांधून मारलं. त्यानंतर काय झालं? सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली ढोरं सरकारी कचेरीपुढं आणून टाकली. तुमची गाय, तुम्हीच उचला. 'सद्गती'तला गोंड पस्तीस वर्षांनी सुरेंद्रनगरला पोचला, असं मी म्हणतो.

राय यांच्यावर माझा आक्षेप आहे, तोही लिहून ठेवतो. चांभारवाड्यातली माणसं घरात बसून राहतात हे ते दाखवतात, पण त्या घरांत त्या रात्री काय बोलणं झालं ते दाखवत नाहीत. कॅमेरा पंडिताच्या घरात पार आतपर्यंत शिरतो. तो कुठं झोपतो, कसा जेवतो, बायकोशी काय कुजबुजतो, सगळं बघतो. चांभारवाड्यात मात्र तो उंबऱ्याशी थांबतो. एवढी मोठी गोष्ट, सगळ्या वाड्यानं एका रात्रीत केलेला संप, आणि त्याच्या आतली भीती, भांडणं, कुणी कुणाला अडवलं, यातलं एक वाक्य आपल्या कानावर येत नाही. तो सिनेमा अजून कुणी काढायचा आहे.

आता दोन सिनेमे एकत्र घेतो, कारण दोन्हींत एकच माणूस आहे. एम. व्ही. वासुदेव राव, कन्नड नट. आपल्याकडं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. 'चोमन दुडी' (१९७५) या कन्नड सिनेमात तो चोमा झाला आणि राष्ट्रीय पारितोषिकात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं. पुढं १९७७ साली मृणाल सेन यांनी 'ओका ऊरी कथा' काढली, तेलुगूत, प्रेमचंदांच्या 'कफन' कथेवरून. त्यात तोच वासुदेव राव व्यंकय्या झाला. हे दोन सिनेमे एकापाठोपाठ बघा. एकटा एकटा बघून निम्माच कळतो.

'चोमन दुडी' ही शिवराम कारंतांची कादंबरी, १९३३ सालची. सिनेमा काढला ब. व. कारंतांनी. आडनाव एक, माणसं दोन, घोळ घालू नये. दक्षिण कन्नड मुलूख. चोमा वेठीचा मजूर, अस्पृश्य. रानात भटकलेले दोन बैल त्याला सापडलेत, ते त्यानं पोसलेत. त्याची इच्छा एकच: या बैलांनी आपली स्वतःची जमीन नांगरावी. एवढीच. पण अस्पृश्यानं दुसऱ्याच्या शेतात राबायचं असतं. आपलं शेत कसायचं नसतं. डोक्यावर कर्ज. थोरली दोन पोरं कॉफीच्या मळ्यावर पाठवलेली; एक पटकीनं मरतो, दुसरा ख्रिस्ती बाईशी लग्न करून तिचा धर्म घेतो. पोरगी बेल्ली मळ्यावर जाते. तिचं शरीर घेऊन मालक कर्ज माफ करतो. धाकटं पोर पाण्यात बुडतं आणि अस्पृश्याचं म्हणून त्याला वाचवायला कुणी हात लावत नाही. चोमाजवळ उरतं ते त्याचं दुडी. दुडी म्हणजे छोटा ढोल. राग आला की वाजवायचा, दारू प्यायला की वाजवायचा, बोलता येत नाही म्हणून वाजवायचा. आपल्याकडं हलगी आहे, डफ आहे; कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

मिशनरी चोमाला जमीन देऊ करतात, धर्म बदल म्हणून. चोमा पार उंबऱ्यापर्यंत जातो आणि परत फिरतो. आपल्याला, १९५६ च्या पोरांना, ही जागा खटकायलाच हवी. चोमा का फिरला? आपल्या दैवताच्या धाकानं. कारंतांनी त्याचा हा धाक मोठ्या मायेनं रंगवलाय, आणि मला ती माया संशयास्पद वाटते. ज्या धर्मानं पोराला बुडू दिलं, त्यालाच चिकटून राहण्यात कसलं आलंय मोठेपण? पण चोमाचा शेवट बघा. तो बैल जुंपतो आणि एकदाच जमीन नांगरतो, कुणाच्या परवानगीशिवाय. मग बैलांना रानात हाकलून देतो. घराचं दार आतून लावतो आणि मरेपर्यंत दुडी वाजवतो. बैल सावकाराला दिले नाहीत, विकलेही नाहीत. मोकळे सोडले.

म्हणजे चोमाला काम हवंय, स्वतःचं काम, आणि ते मिळत नाही. आता तोच चेहरा, तेच खोल गेलेले डोळे व्यंकय्याच्या अंगावर बघा. व्यंकय्या म्हणतो, काम करायचंच नाही. राबणारा मूर्ख. तू राबलास की जमीनदाराची कोठी भरते, तुझं पोट रिकामं ते रिकामंच. बाप आणि लेक मिळून चोरतात, मागतात, उपाशी झोपतात, पण राबत नाहीत. लेकाची बायको नीलम्मा घरात येते. ही भूमिका ममता शंकरची. ती राबते, घर सावरायला बघते. आणि तीच बाळंतपणात तडफडून मरते. बाप-लेक हलत नाहीत.

इथं एक भांडण आहे आणि ते टाळून पुढं जाणं बरं नव्हे. 'कफन' कथेवर दलित लेखकांचा मोठा राग आहे. प्रेमचंदांनी घीसू आणि माधव यांची जात सांगून ठेवली, चांभार, आणि त्यांना आळशी, पोटभरू, मरणाऱ्या बाईच्या कण्हण्यापुढं बटाटे खात बसलेले दाखवलं. वर्षभर सगळ्या गावाचं काम ज्या जातीनं केलं तिलाच कामचुकार ठरवलं. हा राग साधा नाही. २००४ साली दिल्लीत प्रेमचंदांच्या 'रंगभूमी'च्या प्रती जाळण्यापर्यंत गोष्ट गेली. कथा वाचताना मलाही तो राग येतो. पण सिनेमा बघताना वेगळं होतं, आणि ते वासुदेव रावामुळं होतं. त्याचा व्यंकय्या आळशी वाटतच नाही. तो हिशेब मांडून बसलेला माणूस वाटतो. आयुष्यभराच्या मजुरीचा हिशेब केलाय, बाकी शून्य आलीय, आणि आता खातं बंद. गावातल्या पिढीजात वेठीवर याहून कडू भाष्य भारतीय सिनेमात मी पाहिलेलं नाही.

पण नीलम्माचं काय? हा सवाल सेन यांना पुरता झेपत नाही. व्यंकय्याचा संप जमीनदाराविरुद्ध आहे, आणि त्याची किंमत चुकवते घरातली बाई. तिनं राबायचं, यांनी तत्त्वज्ञान सांगायचं. आपल्या चळवळीतल्या किती घरांत हेच चित्र आहे ते आपापल्या घरी तपासावं. नीलम्मा हा या सिनेमातला एकटा कामगार, आणि तिला नकार द्यायची सवडच मिळत नाही. सिनेमा बघताना बायका गप्प होतात तेव्हा व्यंकय्यावर हसणारे आपण पुरुष असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

तिसऱ्या सिनेमात रडणं नाही, हसणं आहे. 'भवनी भवाई', गुजराती, १९८०. केतन मेहता यांचा पहिला मोठा सिनेमा, सहकारी संस्थेच्या पैशातून उभा केलेला. भवाई म्हणजे गुजरातचा तमाशाच म्हणा ना. ती असाइत ठाकर या ब्राह्मणानं सुरू केली, असं परंपरा सांगते, आणि त्याला जातीनं वाळीत टाकलं होतं. सिनेमा त्याला अर्पण केलाय आणि जर्मन नाटककार ब्रेख्तलाही. कथा अशी: जळालेलं गाव सोडून शहराकडं निघालेली दलित माणसं वाटेत मुक्कामाला बसलीत आणि एक म्हातारा गोष्ट सांगतोय. गोष्टीत राजा आहे, नसीरुद्दीन शाह, एक नंबरचा बावळट आणि क्रूर. त्यानं खणलेल्या विहिरीला पाणी लागत नाही. बत्तीसलक्षणी माणसाचा बळी दिला तर लागेल. असा माणूस कोण, तर भंगी माला, म्हणजे ओम पुरी, यानं वाढवलेला जीवो. जीवो आहे आपला मोहन गोखले. आणि स्मिता पाटील भटकी पोरगी.

या सिनेमातली अस्पृश्य माणसं गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधून फिरतात. थुंकी जमिनीवर पडू नये, पावलांचे ठसे पुसले जावेत. पुण्याच्या पेशवाईबद्दल आपण हेच लहानपणापासून ऐकत आलोय. गुजरातेत गोष्ट तीच निघाली! जीवो राजाला अट घालतो: माझा बळी हवा ना? मग आधी माझ्या माणसांच्या गळ्यातलं मडकं आणि पाठीचा झाडू सोडव. गुजरातच्या दलितांत वीर मेघमायाची अशीच आख्यायिका आहे, पाटणच्या सहस्रलिंग तलावाची. पाणी सगळ्या गावाला, बळी एकाचा. पण बळी जाणाऱ्यानं सौदा केला. ही गोष्ट इतकी गंभीर, आणि मेहता ती गाणी, सोंगं, चावटपणा करत सांगतात. आपल्या जलशांची, आपल्या तमाशाची जी रीत होती, तीच.

शेवट दोन आहेत. म्हातारा आधी गोड शेवट सांगतो. जीवो राजाचाच हरवलेला पोरगा निघतो, सगळं ठीक होतं. ऐकणाऱ्यांतला एक जण उसळतो, खोटं आहे हे. मग दुसरा शेवट. त्यात जीवो मरतो, विहीर कोरडीच राहते, माला शाप देत मरतो आणि मग पाणी असं फुटतं की राजाच बुडतो. मधेमधे स्वातंत्र्यलढ्याची खरीखुरी जुनी दृश्यं. या सिनेमाला कुठलं बक्षीस द्यावं सरकारनं? राष्ट्रीय एकात्मतेचं! जब्बार पटेलांच्या 'मुक्ता'ला १९९४ साली हेच बक्षीस मिळालं. दलित कवी आणि मराठा घरातली पोरगी, यांचं प्रेम म्हणजे राष्ट्रीय एकात्मता. 'मुक्ता' बघायला हरकत नाही, सोनाली कुलकर्णीनं जीव ओतलाय, पण कवी मात्र फारच इस्त्रीचा झालाय. असले बंडखोर कवी आपल्या कुठल्या मेळाव्यात मला भेटले नाहीत.

'अछूत कन्या' (१९३६) आणि 'सुजाता' (१९५९) यांची शिफारस मी करत नाही. ते कधीमधी टीव्हीवर लागतात, गाणी चांगली आहेत, ऐकावीत. पण एकीत पोरगी मरून प्रश्न सुटतो आणि दुसरीत पोरगी रक्त देऊन घरात जागा मिळवते. मरा किंवा रक्त द्या, मग माणूस म्हणू. नूतनचा अभिनय कितीही सुंदर असो, हा सौदा जीवोच्या सौद्याच्या नेमका उलटा आहे.

आता एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. वर ज्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं त्या दिग्दर्शकांत एकही दलित नाही. लिहिणारे नाहीत, काढणारे नाहीत. ओंडका फोडणारे हात पडद्यावर आपले, कॅमेऱ्यामागचे दुसऱ्याचे. म्हणून 'सद्गती' उंबऱ्याशी थांबतो, म्हणून चोमाच्या धर्माच्या सवालावर कारंत भावुक होतात. कविता आपण स्वतः लिहिली कारण कागद आणि पेन परवडत होतं. सिनेमा परवडत नव्हता. हे एवढं साधं अर्थशास्त्र आहे, त्याला सौंदर्यशास्त्राचं नाव देऊ नये.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) याच कडेवर उभा आहे. पटवर्धन दलित नाहीत, पण चौदा वर्षं आपल्यात फिरून काढलेला माहितीपट आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, डोक्याला निळं फडकं बांधून. हे घोगरे पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये गायले होते. मित्राच्या मरणाचा शोध घेत निघालेला सिनेमा गाण्यांच्या मागं मागं वस्त्यांत शिरतो आणि राय जिथं थांबले तो उंबरा ओलांडतो. आत माणसं बोलतात, गातात, चिडतात, एकमेकांना खोडतात. तीन तासांहून लांब आहे. दोन रात्रींत बघा.

आणि याच पटवर्धनांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ चा. तो दूरदर्शनवर लावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २००६ साल उजाडलं. उलट बाजूला तमिळ 'ओरे ओरु ग्रामत्तिले' (१९८७) बघा. राखीव जागांना विरोध करणारा. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बोलण्याच्या हक्काची बाजू उचलून धरली. हक्क सगळ्यांना पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण कुणाला तो बक्षिसाबरोबर मिळतो आणि कुणाला अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढून, हे नोंदवून ठेवावं.

आपल्या हातातल्या कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा लेख व्हायला हवा. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' सगळ्यांनी पाहिला, पण २००९ चा छोटा 'पिस्तुल्या' किती जणांनी पाहिला? शाळेची ओढ लागलेलं एक पोर, बास, आणि चहा पिऊन होईस्तोवर संपतो. सोमनाथ वाघमारे यांचे भीमा कोरेगाववरचा (२०१७) आणि 'चैत्यभूमी' (२०२३) हे दोन माहितीपटही हुडका. ६ डिसेंबरच्या गर्दीला बाहेरचा कॅमेरा कायम वरून बघत आला, मुंग्यांसारखी. वाघमारे यांचा कॅमेरा त्या गर्दीत माणसांच्या उंचीवर चालतो. तांत्रिक उणिवा दाखवणारे दाखवोत.

लावायचं कसं, तर 'सद्गती' आधी लावा. हिंदी आहे, तासात आटपतो, पोरं पेंगत नाहीत. 'चोमन दुडी' आणि 'ओका ऊरी कथा' लागोपाठच्या दोन रविवारी, आणि इंग्रजी वाचता येणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींनी सबटायटल मोठ्यानं मराठीत सांगत जावं. अडखळलं तरी चालतं, लोक उरलेलं बरोबर जुळवून घेतात. 'भवनी भवाई' बायकापोरांच्या गर्दीत बघा, एकट्यानं बघायचा सिनेमा नव्हे तो. पहिला गोड शेवट झाल्यावर थोडा वेळ थांबवा आणि विचारा, पुढं काय व्हायला पाहिजे. आणि 'सद्गती' संपल्यावर म्हाताऱ्या माणसांना आधी बोलू द्या. ढोरं ओढलेले काही हात अजून वस्त्यांत आहेत. त्यांनी सत्यजित राय यांच्या काही चुका काढल्या तर त्या कागदावर उतरवून आमच्याकडं धाडा. पुढच्या अंकात जागा ठेवतो.